न पाहिलेला पांगारा

माघ सरत आला की काजूच्या मोहराचा वास कुडाळच्या आमच्या आळीत येतो. मुद्दाम घ्यायला जावं तर तो मिळत नाही. दोरीवरचे कपडे काढताना, नळाखालची बादली उचलताना, आपलं मन दुसऱ्याच कशात असताना तो नाकाशी येऊन जातो. याच दिवसांत समोरच्या घरातली दहावीची मुलगी सकाळी शिकवणीला निघते. एका हातात वही, दुसऱ्या हातात मोबाइल, कानात काहीतरी खोचलेलं. कोपऱ्यावरच्या सावरीला एक पान उरलेलं नसतं, नुसती फुलं. रस्त्यावर जाड पाकळ्यांचा सडा पडलेला असतो आणि ती पोर त्यावरून तशीच चालत जाते. परवा माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, "बाय गो, जरा वर बघ." पण मी गप्प राहिले. हे तिला सांगायचा अधिकार रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही असेल. मला नाही.

का नाही, ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

पन्नासचं दशक तेव्हा उताराला लागलं होतं. आमचं गाव धामापूरच्या तळ्याच्या पलीकडे, डोंगराला टेकलेलं. घरात आबा, आई, दोन धाकटे भाऊ आणि मी. भातशेती, थोडे काजू, पाचसहा आंबे. आबांना अक्षरओळख नव्हती, पण शाळेच्या कमिटीवर गावाने त्यांना घेतलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी सातवीत होते. त्या काळी सातवीच्या फायनलला मान होता. ती परीक्षा चांगली पास झालेल्याला मास्तर होता येई. आपली मुलगी मास्तरीण व्हावी, हे आबांनी कधीतरी मनात धरलं आणि मग ते माझ्या मनात उतरलं. पेरणी, लावणी, झोडणी, सगळ्या कामांतून त्या वर्षी मला सुट्टी होती. माझ्या वाटणीचं पाणीसुद्धा आई भरी.

आमच्या वर्गाला इंदूबाई होत्या. पस्तिशीच्या असतील. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. त्या मालवणच्या. तिथे त्यांची म्हातारी आई एकटीच राहत असे. बाई शाळेजवळच्या एका घराच्या पडवीतली खोली घेऊन राहत, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की छत्री घेऊन दोन मैल चालत सडकेवर जात आणि एस्टी धरून आईकडे. सोमवारी पहिल्या गाडीने परत. पावसात, उन्हात, कधी चुकलं नाही.

बाईंनी आम्हांला एक जादा वही करायला लावली होती. तिला त्या 'पाहण्याची वही' म्हणत. घरून शाळेला येताना वाटेत जे दिसेल त्यातलं एक रोज दोन ओळींत लिहायचं. अट एकच, ते त्याच दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. शुद्धलेखनाच्या चुका त्या वहीत काढल्या जात नसत. भाषा घरची असली तरी चाले. बाई वह्या घरी नेत आणि ज्याच्या ओळी आवडतील त्याच्या खाली एक प्रश्न लिहीत.

शेवंती नावाची मुलगी माझ्या शेजारी बसे. गणितात कच्ची, भूगोलात कच्ची. तिने एकदा लिहिलं होतं, "बांधार खंड्यो बसल्लो. मासो धरल्यान. मासो सुटलो. मगे खंड्यो परत बसलो." खाली बाईंनी विचारलं होतं, "सुटलेला मासा पाण्यात पडला की काठावर?" दुसऱ्या दिवशी शेवंतीचं उत्तर, "काठार. पण उडी मारून गेलो." मला त्याचं हसू आलं होतं. वाटलं, ही काय फायनलला बसणार!

माझी वही सबंध वर्गात सुंदर होती. वळणदार अक्षर, शाई कुठे फुटलेली नाही. "प्रातःकाळी दवबिंदू मोत्यांप्रमाणे चमकत होते." "पक्षी मधुर कूजन करीत होते." यातलं काहीही मी पाहिलेलं नसे. आमचं घर ते शाळा सव्वा मैल. तळ्याच्या काठाने, मग आंब्यांखालून, मग शेताच्या मेरेवरून. ती सबंध वाट मी पुस्तक उघडं धरून चाले. सनावळ्या, नद्या आणि त्यांच्या उपनद्या, व्याख्या. पायांना वाट पाठ होती, त्यामुळे डोळे लागतच नसत. शाळेत पोचल्यावर घंटेआधी दोन ओळी जुळवून टाकायच्या. माझ्या ओळींखाली बाईंचा प्रश्न कधीच आला नाही. मला वाटे, विचारण्यासारखी चूकच नसते म्हणून.

आठवड्यातून एकदा, बुधवारी शेवटच्या तासाला, बाई आम्हांला सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, नेत. पावसाळा संपताना तिथे काळ्या कातळावर पाऊल ठेवायला जागा राहत नसे इतकी बारीक जांभळी-पिवळी फुलं असत म्हणे. मी 'म्हणे' म्हणते, कारण मी तिथे होते आणि मला ती आठवत नाहीत. आठवतं ते हे की बाई सगळ्यांना खाली बसवत आणि पाच मिनिटं बोलायचं नाही असं सांगत. डोक्यावरून धनेश गेला की त्याच्या पंखांचा करवतीसारखा आवाज येई. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत. मग बाई विचारत, आता काय काय ऐकू आलं? कुणी म्हणे गुराची घंटा, कुणी म्हणे सुकं पान पडलं. एकदा शेवंती म्हणाली की वारा आधी खालच्या माडांत आला आणि मग आपल्याकडे आला. बाईंचा चेहरा त्या दिवशी असा उजळला की मला राग आला. ती पाच मिनिटं मी डोळे मिटून तहांची कलमं म्हणत असे. पाच मिनिटांत एक तह होई.

माघ लागला तेव्हाची गोष्ट. वहीत मी लिहिलं, "आज आमच्या वाटेवरील पांगारा लाल फुलांनी बहरून गेला आहे." शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. सगळे गेल्यावर त्यांनी वही उघडली.

"हा पांगारा कुठला गो?"

मी सांगितलं, आमच्या मेरेवरचा. जिथे वाट शेतात उतरते तिथला.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तो दिवाळीनंतर तोडलाय. शनिवारी एस्टीला जाताना मी त्याच वाटेने जाते. नुसता बुंधा आहे तिथे."

त्यांनी मला बोल लावला नाही. वर्गासमोर बोलल्या नाहीत. नुसती वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, उद्या काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिही, तेही चालेल. मी त्या दिवशी पुस्तक मिटून घरी आले. बुंधा होता. त्याच्या कडेने नवे कोंबसुद्धा फुटले होते. रात्री जेवताना मी आबांना विचारलं. ते म्हणाले, आपणच तोडला, त्याची सावली भाताच्या रोपांवर, तरव्यावर पडायची. तुझ्यादेखतच तर तोडला, तू तिथेच बांधावर बसून वाचत होतीस. मी तीन महिने रोज दोनदा त्या बुंध्याजवळून गेले होते.

मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण घटकाभरच. लाज अंगात फार वेळ राहिली की तिचा राग होतो. पहिल्या नंबराच्या मुलीला बाईंनी खोटी ठरवलं, एवढंच मनात राहिलं. कूस बदलली तरी तेच.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या घरापुढच्या खळ्यात सातवीच्या मुलांचे पाचसहा बाप जमले. परीक्षा तोंडावर आली, बाई पोरांना सड्यावर बसवून पाखरं ऐकायला लावतात, ही कुरबुर गावात होतीच. आबांनी मला बाहेर बोलावलं आणि हे खरं काय ते विचारलं. मी खरं म्हटलं. मग ठरलं की शिक्षणखात्याच्या कचेरीत साहेबांना अर्ज करायचा. लिहिणार कोण? माझ्यासारखं अक्षर गावात कुणाचं नव्हतं. मी दौत-टाक घेऊन बसले.

आबांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "परीक्षा होयपर्यंत पोरांका वर्गात बसवन शिकवा, असा सायबान बाईंका सांगूचा. येवडाच लिही. बाई वायट नाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना बाईंचं वाईट करायचं नव्हतं. एकाच्या पोराला बाईंनी तापात स्वतः औषध आणून दिलं होतं, तो तर अर्जच नको म्हणत होता.

मी लिहायला घेतलं. "सदर शिक्षिका शाळेच्या वेळात मुलांना रानोमाळ हिंडवतात." रानोमाळ हा शब्द सुचला तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. लिहिणारी मी बारा-तेरा वर्षांची होते आणि शब्द माझ्या मुठीत होते. पुढे मुलांचं नुकसान होत आहे, वगैरे. आणि शेवटी, आबांनी सांगितलं होतं त्या जागी, मी लिहिलं, "तरी सदर शिक्षिकेची अन्यत्र बदली करण्यात यावी, ही समस्त ग्रामस्थांची विनंती."

मग मी अर्ज वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मी कागदावरचं वाचलं नाही. आबांचंच वाचलं, जरा पुस्तकी करून. सगळ्यांना ते पटलं. आबांनी आधी, मग एकेकाने, शाई लावून आंगठे उठवले. ज्याला अर्ज नको होता त्यानेही उठवला. कागदावर ते आंगठे वाळत असताना मी फुंकर घालत होते.

माघ संपता संपता बदलीचा हुकूम आला. खारेपाटण. म्हणजे जिल्ह्याच्या आमच्या टोकापासून पार वर. तिथून शनिवारी निघून मालवणात आईला भेटून सोमवारी शाळेत परत, हे त्या दिवसांच्या एस्टीत शक्य नव्हतं. आबा चकित झाले. "आमी बदली खंय मागली होती?" असं ते आईला दोनदा म्हणाले. मी चुलीत नारळाची सोडणं सारत होते. ते हेडमास्तरांकडेही जाऊन आले. पण अर्ज थेट कचेरीत गेलेला, हेडमास्तरांनी तो पाहिलाच नव्हता. ते म्हणाले, वरून आलेला हुकूम आहे, आपल्या हातात काही नाही. आपण सांगितलं एक आणि सरकारने केलं दुसरंच, अशी आबांनी समजूत करून घेतली. ती समजूत घेऊनच ते पुढे वारले.

शेवटच्या दिवशी बाईंनी वह्या परत केल्या. शेवंतीच्या वहीत शेवटच्या ओळींखालीही प्रश्न होता. बाईंनी एकेकाला जवळ घेऊन काहीबाही सांगितलं. मला म्हणाल्या, "प्रश्न नीट वाचून मग लिही हां." एवढंच. शेवंती रडत होती. तिने आणि आणखी दोघींनी बाईंची वळकटी आणि ट्रंक सडकेपर्यंत नेली. मी घरी येऊन त्रैराशिकाची उदाहरणं सोडवत बसले. त्यातलं एकही चुकलं नाही.

फायनलला निबंधाला विषय आला, 'वसंत ऋतू'. मी तीन पानं लिहिली. कोकिळा, आम्रमंजिरी, पळसाचे पेटलेले दिवे. त्या वेळी परीक्षेच्या खिडकीबाहेर नक्की काय फुललं होतं, देव जाणे. केंद्रात मी पहिली आले. आबांनी वाडीभर साखर वाटली. शेवंती दोन विषयांत राहिली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

मग ट्रेनिंग, मग नोकरी. मला मास्तरीण होऊन आठनऊ वर्षं झाली तरी मी एकदाही वर्गाला घेऊन उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. माझ्या वर्गाचे निकाल चांगले लागत. एखादं पोर खिडकीतून बाहेर बघत बसलेलं दिसलं की माझा आवाज आपोआप चढे. त्याला मी काय म्हणून दटावत होते, हे तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. कळत होतं.

साठचं दशक संपत आलं तेव्हा परीक्षेच्या कामावर मला खारेपाटणला पाठवलं. हुकमावरचं ते नाव मी दोनदा वाचलं. बाई तिथेच होत्या. तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी दुपारी पेपर संपल्यावर विचारत विचारत गेले. खाडीच्या अंगाला उतरती वाट, शेवटी दोन खोल्यांचं घर. बाईंचे केस पिकले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, नावाने हाक मारली, चहा टाकला. मी नोकरीत आहे हे ऐकून त्यांना बरं वाटलं. आईचं विचारलं तेव्हा साध्या आवाजात म्हणाल्या, "आई त्याच पावसाळ्यात गेली. तार आली तेव्हा नद्या चढल्या होत्या, गाड्या बंद. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. शेजाऱ्यांनी सगळं केलं."

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं घोकून ठेवलेलं वाक्य होतं, ते तोंडातून कसंबसं बाहेर आलं. "बाई, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कचेरीत मला वाचायला दिला होता. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?"

त्यांना राग आलेला दिसत नव्हता, आणि तेच सहन होईना. मी विचारलं, मग तेव्हा काही बोलला का नाहीत?

"काय बोलू? त्यात खोटं काय होतं? हिंडत तर आपण होतोच." मग त्या जराशा हसल्या. "खरं सांगू, तुझ्या हातचं मी वाचलेलं पहिलं खरं लिहिणं ते. आणि सबंध गावालाच मी नको असेन, तर तिथे राहून काय करायचं? म्हणून मीही रदबदली केली नाही. साहेब म्हणाले होते, हवं तर थांबवू."

आता बोलायचं होतं. गावाला तुम्ही नको नव्हता, बाई. गावाने बदली मागितलीच नव्हती. ते वाक्य माझं एकटीचं. आबा म्हणाले होते, बाई वाईट नाही. इतकं सोपं होतं ते. चार वाक्यं. माझ्या जिभेवर होती. आणि मी खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. त्यांच्या मनात मी निदान एकदा खरी होते, ते मला मोडवेना.

नंतर किती वेळा मी पत्र लिहायला बसले. सुरुवात जमायची, तीर्थस्वरूप बाईंना. त्या वाक्याशी आलं की टाक थांबायचा. वर्षा-दोन वर्षांनी कळलं की त्यांची बदली विजयदुर्गाकडे झाली, आणि पुढे, त्या निवृत्त होण्याच्या आतच, गेल्याचं कळलं. आमच्या गावाने आपल्याला हाकललं, हे मनात घेऊनच त्या गेल्या असणार. आबांनी त्यांना वाईट म्हटलं नव्हतं हे जगात मला एकटीला माहीत होतं, आणि ते मी एकटीनेच ठेवून घेतलं.

याच्यासाठी माझ्याकडे सबब आहे. भ्याले, असं म्हणता येतं. माणसं भितात. पण त्याच दिवशीचं आणखी एक आहे, त्याला सबब सापडत नाही.

मी निघायला उठले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाईंनी चप्पल घातली आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं थांब. या वेळेला इथून बघण्यासारखं असतं." मला हाताला धरून त्या घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. खाली खाडी होती. त्या कठड्याशी वाकून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला, जणू आमच्यात मघाशी काही बोलणं झालंच नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं. अमुक झाडाच्या डावीकडे, असं काहीतरी म्हणाल्या. हळू बोल, म्हणाल्या.

मी त्या बोटाकडे तोंड करून उभी होते. डोक्यात एकच चाललं होतं. बाईंनी मला क्षमा केली की नाही? मी आता बोलू का? शेवटची गाडी किती वाजता?

"दिसलं?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "किती सुंदर आहे."

बाईंनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या खाडीकडे बघू लागल्या.

पक्षी होता, होडी होती, की पाण्यावर पडलेला नुसता उजेड होता, मला सांगता येणार नाही. त्या दुपारचा बाईंचा शब्दन् शब्द मला पाठ आहे. ते मात्र मी पाहिलंच नाही.